चितेगावची फ्रेम, जर्मनीचा बोगदा

परदेशाहून आलेला माणूस पहिले आठ दिवस घरच्या चहाला नावं ठेवतो, असा आमच्या गारखेड्यातला अनुभव आहे. मी ठेवली नाहीत. तिकडचा चहा म्हणजे गरम पाण्यात दोरा बांधून सोडलेली पुडी. तो दहा दिवस प्यायल्यावर मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पाकासारख्या चहाला हसायची माझी हिंमतच उरली नाही. पण लोक विचारतात, काय काय बघितलं? राजवाडे, बर्फ, गोऱ्या मडमा? मी म्हणतो, एक बोगदा बघितला. मग ते मंगलकडं वळून म्हणतात, वहिनी, यांना उगंच पाठवलं. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

चितेगाव

माझं टूलरूम पैठण रोडवर चितेगावला, रस्त्यापासून थोडं आत. लेथ, मिलिंग, एक कॉम्प्युटरवर चालणारं व्हीएमसी मशीन आणि सहा माणसं. आम्ही दुचाकीच्या पार्टांचे डाय, म्हणजे साचे, बनवतो. तुमच्या गाडीचा कुठला ना कुठला तुकडा आमच्या डायमधून निघालेला असतो. तो तुटला की तुम्ही शिव्या कंपनीला देता, आम्हाला नाही. या धंद्यात एवढं सुख आहे.

एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि रुखसाना मॅडम उतरल्या. मॅडम शहरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्या अब्बांचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. माझ्या लग्नातला सफारी तिथल्याच कापडाचा, त्यामुळं ओळख जुनी. त्यांनी टेबलावर एक ड्रॉइंग पसरलं. तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, तिच्यात बारक्या चौकटी, आणि सपाटी अशी की पूर्ण पृष्ठभागावर दहा मायक्रॉनचा फरक चालणार नाही. केसाची जाडी सत्तर धरा, म्हणजे कळेल.

"पुण्यात दोघांनी नाही म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्यानं इंग्रजीत नाही म्हटलं."

"लागती कशाला ही?"

"लोणारच्या पाण्यातल्या एका जंतूचा फोटो काढायचाय, भाऊ."

"मंग स्टुडिओत न्या की त्याला."

मॅडम हसल्या नाहीत. विनोदाला हसायच्या आधी त्या तो दुरुस्त करतात, हे मला पुढं कळलं. त्यांनी माझ्या स्टुलावर बसून नीट समजावलं. लोणारच्या खाऱ्या पाण्यात जिथं काही जगू नये तिथं हा जंतू मजेत जगतो. तो आत नेमकं काय करतो ते बघायचं, तर साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर तेवढी बारीक नाही. ज्याची नजर बारीक आहे त्या यंत्रात टाकायचा तर आधी जंतूला मारून सुकवावं लागतं. "मेलेल्याचा फोटो हाय माझ्याकडं. मला जिताच बघायचाय," त्या म्हणाल्या. त्यासाठी जर्मनीत एक यंत्र होतं. त्यातून एक्स-रेचा असा झटका निघतो की जंतूची वाफ होते, पण झटका इतका आखूड की वाफ व्हायच्या आत फोटो निघालेला असतो.

"म्हंजी त्याला मेल्याचं कळायच्या आत?"

"व्हय. तसंच समजा."

त्या यंत्रावर वेळ मिळायला जगभरातून अर्ज जातात. मॅडमचे दोन अर्ज परत आले होते. तिसऱ्याला एक शिफ्ट मिळाली, सकाळी आठ ते रात्री आठ. बारा तासांत फोटो निघाला तर निघाला, नाही तर परत रांगेच्या टोकाला. आणि मॅडमच्या कॉलेजात त्यांचं संशोधन म्हणजे बाईंचा छंद, असं मानणारे दोन-तीन लोक वरच्या खुर्च्यांवर बसलेले होते. या वेळी रिकाम्या हातानं आलं की प्रयोगशाळेची खोली स्टोअररूमला जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

फ्रेमला चार महिने लागले. तीन भंगारात गेल्या, चौथी बसली. त्यात मॅडमच्या विद्यार्थ्याचा व्हिसा नाकारला गेला आणि एक जागा मोकळी झाली. फ्रेमचं तिथं काही कमी-जास्त करावं लागलं तर करणार कोण? तेव्हा मी. मला विज्ञान कळतं म्हणून नव्हे, पाना कळतो म्हणून.

निघायच्या दोन दिवस आधी मॅडमनी समोर उभं राहून फ्रेम तीन वेळा धुऊन घेतली. हातमोजे घालून पिशवीत भरली, वर चिठ्ठी लावून सही केली. "आता हिला उघड्या हातानं शिवायचं नाय, भाऊ. श्वास घ्यायचा तरी लांब जाऊन घ्या."

मी हो म्हटलं.

पोचल्यावर

विमानाचं काही लिहीत नाही. बसलो, अवघडलो, उतरलो. एवढंच की मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं फ्रेमची पिशवी यंत्रातून दोनदा फिरवली. एक्स-रेसाठी बनवलेल्या फ्रेमचा पहिला एक्स-रे असा आपल्याच देशात निघाला. मॅडम म्हणाल्या, शुभशकुन. त्या असं काही मानत नाहीत, पण तेव्हा त्या खुशीत होत्या.

जर्मनीच्या उत्तरेला, एका मोठ्या शहराच्या कडेला ती संस्था आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं का ते कळेल. सगळीकडं सपाट शेतं, मध्ये सफरचंदाची झाडं आणि वारा. आमचं राहायचं ठिकाण संस्थेच्याच पाहुणेघरात. खाली सामायिक स्वयंपाकघर. पहिल्याच संध्याकाळी मी मंगलनं दिलेले धपाटे काढले आणि सोबत ठेचा तव्यावर जरा परतून घेतला. शेजारी एक जपानी शास्त्रज्ञ नूडल्स करत होता. तो आधी शिंकला, मग खोकला, मग त्यानं तिन्ही खिडक्या उघडल्या आणि शेवटी कमरेत वाकून मला नमस्कार केला. तो आदर होता की निरोप, ते समजलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो वाटी घेऊन आला.

तिथले लोक सिग्नल पाळतात. आता हे सगळेच सांगतात, पण मी भोगलं आहे. रस्ता दोन्हीकडं क्षितिजापर्यंत रिकामा. माणसाचा दिवा लाल. मी निघालो. मागून एका म्हातारीनं जर्मनमध्ये मला जे सुनावलं त्यातला एक शब्द कळला नाही आणि अर्थ पूर्ण कळला. आपल्याकडं क्रांती चौकात सिग्नल हा ज्याच्या त्याच्या मताचा भाग असतो. मी परत मागं येऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. दिवा हिरवा झाल्यावर तिनं मान हलवून परवानगी दिली.

आत जायच्या आधी सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते, कॉम्प्युटरवर. प्रश्न होता, किरणांचा धोक्याचा भोंगा वाजला तर पहिलं काय कराल? मी उत्तर दिलं, मशीन बंद करीन. नापास. बरोबर उत्तर होतं, पळ काढीन. पंचवीस वर्षं मशीनवर घातलेल्या माणसाला हे उत्तर सुचणारच नाही. दुसऱ्या खेपेला मनावर दगड ठेवून पळालो आणि पास झालो.

तिथं मला योखेन भेटला. निर्वात यंत्रणेचा तंत्रज्ञ. माझ्याच वयाचा, दाढी पांढरी, नखांत तेच काळं जे माझ्या नखांत आहे. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, त्यामुळं आमचं उत्तम जमलं. त्यानं पिशवीतूनच फ्रेम उजेडाला तिरपी धरली, एक डोळा मिटून कड बघितली आणि म्हणाला, "गुट." म्हणजे चांगलं. मला आयुष्यात मिळालेलं ते सगळ्यात छोटं सर्टिफिकेट. मॅडमना मी ते दिवसभरात चारदा सांगितलं.

बोगदा

बोगदा जमिनीखाली, किलोमीटरच्या किलोमीटर. गारखेड्यातून निघावं आणि क्रांती चौकातून वर यावं इतका. वर घरं, बागा, कुत्री फिरवणारी माणसं, आणि खाली इलेक्ट्रॉन उजेडाच्या वेगाला टेकत पळताहेत. शेवटी त्यांना चुंबकांच्या दोन लांब रांगांमधून सोडतात. तिथं ते नागमोडी वळवळतात आणि वळवळताना एक्स-रे टाकतात. आपल्या दवाखान्यातला एक्स-रे म्हणजे आठवडी बाजारातली गर्दी, ज्याला जिकडं सुचेल तिकडं तो. हा एक्स-रे म्हणजे पोलिसांचं संचलन, सगळ्या लाटा एका पावलावर. मॅडम म्हणतात, सगळी करामत त्या एका पावलात आहे.

आणि झटका किती आखूड? एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातल्या एकाचे परत शंभर कोटी करा. असे काही थोडे तुकडे, बस. मी योखेनला विचारलं, हे मोजता कसं? त्यानं वर छताकडं बोट दाखवलं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या लोकांना विचार. तंत्रज्ञ सगळीकडं सारखेच.

फोटोला भिंग नाही, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही. किरण जंतूवर आदळतात, विखुरतात आणि पलीकडच्या पडद्यावर नुसते ठिपके उमटतात. ओल्या हातानं कुणी पीठ झटकावं तसे. त्या ठिपक्यांवरून जंतू कसा होता ते कॉम्प्युटर महिनोन्‌महिने बसून काढतो. "म्हंजी फोटो इथं दिसतच नाय?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "इथं फक्त पुरावा मिळतो, भाऊ." सेकंदाला दहा झटके. फ्रेमच्या चौकटींत पाण्यासकट बंद केलेले जंतू, दर झटक्याला एक नवी जागा. बहुतेक झटके रिकामे जातात. क्वचित एक बरोबर बसतो. म्हणून वेळ म्हणजे सगळं काही.

शिफ्ट

सकाळी आठला जंतू भरलेली फ्रेम आतल्या डब्यात बसली. झाकण लागलं, पंप सुरू झाले. डब्यातली हवा जवळजवळ सगळी काढल्याशिवाय किरण सोडत नाहीत. पडद्यावर दाबाची एक रेघ खाली उतरत होती. मॅडम खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. शिफ्टची प्रमुख हाइके नावाची उंच बाई कॉफी घेऊन मागं उभी.

रेघ निम्म्यात थांबली. उतरेचना.

योखेननं दुसरा एक आलेख उघडला. डब्यात कुठला वायू किती उरलाय ते त्यात दिसतं. त्यानं दोन उंचवट्यांवर बोट ठेवलं. पाणी, आणि काहीतरी तेलकट. काहीतरी आत घाण सोडत होतं. मॅडम माझ्याकडं वळल्या. "भाऊ, फ्रेममधी काय राहिलंय का? कटिंग ऑइल वगैरे?"

"काय बी नाय, मॅडम."

इथं मला मागं जावं लागेल, कारण चितेगावचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. मुद्दाम गाळली.

आमच्या टूलरूममधून नव्या कामाचा पहिला नग हळदीकुंकू लागल्याशिवाय बाहेर जात नाही. माझ्या आधी माझ्या उस्तादांची रीत होती ती. निघायच्या सकाळी फ्रेम टेबलावर तशीच कोरडी पडलेली मला बघवली नाही. चार महिने राबलो होतो तिच्यावर. मी पिशवी मागच्या बाजूनं उघडली. मॅडमची सही पुढं, तिला धक्का नाही. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यात आटे पाडलेलं एक बंद भोक होतं, पकडायच्या सोयीसाठी ठेवलेलं. त्याच्या शेजारी हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. मग स्वच्छ फडक्यानं पुसून काढलं आणि पिशवी परत सील केली. पुसलं म्हणजे संपलं, असं मला वाटलं. पुसताना मी ते सगळं भोकाच्या आट्यांत दाबून बसवलं होतं. ओली हळद, तेलाच्या बोटानं.

आलेख बघितल्याबरोबर मला कळलं. त्याच क्षणी. आणि मी म्हणालो, काय बी नाय.

मग शोध सुरू झाला. दाराचं रबर खराब असेल म्हणून ते बदललं. योखेननं प्रत्येक सांध्यावर हेलियम फवारून गळती शोधली. तो गुडघ्यावर बसून, कधी पाठीवर झोपून, स्वतःच्या यंत्रावर शंका घेत होता. मी त्याला टॉर्च धरून मदत करत होतो. एवढा निर्लज्जपणा माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. मनात म्हणत होतो, आपोआप उतरेल रेघ. उतरली की कुणाला काही कळणार नाही. घड्याळाकडं बघत नव्हतो, पण ते बरोबर डोळ्यांसमोर टांगलेलं होतं.

चाळीस मिनिटं गेली. मग हाइके म्हणाली, फ्रेमच काढून बघू. आणि मॅडम उभ्या राहिल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, पण एवढं मला समजतं. म्हणाल्या, फ्रेम माझ्या डोळ्यांसमोर धुतली, सही माझी आहे, ज्यानं बनवली त्याची हमी मी घेते. दुसरीकडं बघा.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, म्याच लावलंय."

"काय?"

"हळदकुंकू. मागच्या भोकापाशी. तुमी गेल्यावर पिशवी उघडली व्हती."

मॅडमची मराठी संपली. "ये क्या करके रखे जी तुम? तीन साल! तीन साल से मैं इस दिन के वास्ते मर री, और तुम पूछने पे भी नै बोले?" हाइकेनं विचारलं, काय झालं? मला वाटलं, मॅडम काहीतरी झाकून सांगतील. त्यांनी शब्दन्‌शब्द भाषांतर केलं, हळदीचं आणि माझ्या 'काय बी नाय'चंसुद्धा.

फ्रेम बाहेर निघाली. योखेननं जांभळा तपासणीदिवा तिच्यावर धरला. हळद त्या उजेडात चमकते. भोक आतून पिवळंहिरवं पेटलं होतं. कुणीच हसलं नाही. हाइके म्हणाली, आट्यांतून हे पूर्ण निघून सुकेपर्यंत शिफ्ट संपेल.

मी योखेनला खुणेनं सांगितलं, धुवायचं नाही, कापायचं. तो कोपरा कशालाच लागत नाही. मिलिंगवर घे, भोकासकट उडव. त्यानं फ्रेम फिरवून बघितली आणि मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये ओढत नेलं. मशीनवरच्या पाट्या जर्मन, पण कटरला भाषा नसते. ऑइल न घालता, कोरडंच, एका वेळी केसाएवढं. घाई केली तर अ‍ॅल्युमिनियम तापून फ्रेम वाकणार, मग सपाटी गेली. योखेन फ्रेमवर हात धरून तापतेय का बघायचा आणि मान हलवायचा. कापून झाल्यावर मोजली तर सपाटी नऊ मायक्रॉन. धुणं, सुकवणं, नवे जंतू भरणं, परत पंप. रेघ या वेळी थांबली नाही.

पहिला झटका सुटला तेव्हा सव्वापाच वाजले होते. हातात उरले पावणेतीन तास. ठिपके येत गेले, बहुतेक रिकामे. सातच्या सुमाराला पडद्यावर एकदम गोल गोल वलयं उमटली, मधोमध दाट, कडेला विरळ. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. आठला हाइकेनं बटण दाबलं आणि पुढची टोळी दारात उभी होती. तिकडं आठ म्हणजे आठ.

बाहेर अजून लख्ख उजेड होता. मॅडम पायरीवर बसल्या. मी दोन कप आणले, तोच पुडीचा चहा. त्यांनी कप शेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "कुंकवाचं मला काय नाय, भाऊ. अब्बा अजूनबी नवा थान फोडायच्या आधी तो कपाळाला टेकवतात. तुमी आधी सांगितलं असतं तर मीच बॉक्सवर लावून दिलं असतं. पण मी विचारलं तवा तुमी नाय म्हणालात. आन्‌ मी तिथं तुमची हमी घेत व्हते."

लाज वाटली, एवढंच खरं.

परत

सहा महिन्यांनी जंतूचा फोटो तयार झाला. एकच धड निघाला. शेंगेसारखा आकार, आत एका बाजूला काळपट गाठ. मॅडमना असे निदान तीन हवे होते, म्हणजे ती गाठ सगळ्यांतच असते असं म्हणता आलं असतं. एकावरून काही म्हणता येत नाही. खोली स्टोअररूमला गेली नाही, पण कपाटं आत आली. अर्धी खोली उरली. मॅडमनी चौथा अर्ज केला आहे.

इकडं माझा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. मी हळदीचा किस्सा रंगवून सांगितला, जपान्याचा नमस्कार, जांभळा दिवा, कोपरा उडवला ते. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. लग्नात, मंडळात, दुकानात, वीस ठिकाणी मी हे सांगितलं असेल. सगळीकडं मी आलेख बघताच कबूल करतो आणि पुढं होऊन मार्ग काढतो. सत्काराला मॅडम तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती चाळीस मिनिटं मी आज पहिल्यांदा सांगतोय. सेकंदाला दहा, म्हणजे चोवीस हजार झटके. त्यातले दोन बसले असते तर पुरले असते. छापायला द्यायच्या आधी हे लिखाण मी मॅडमना पाठवलं, म्हटलं, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. दोन दिवसांनी उत्तर आलं. विज्ञानातलं सगळं बरोबर आहे म्हणाल्या. खाली एकच दुरुस्ती होती.

"चाळीस नाय, भाऊ. पंचावन्न. तिथल्या नोंदवहीत हाय."